बायपासनंतर सासरे खाट सोडत नाहीत, जबरदस्ती करू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. सासरे ६६ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तीसेक वर्षं बिडी ओढली. नऊ आठवड्यांपूर्वी मध्यरात्री छातीत दुखलं, पुण्याला नेलं, बायपास झाली. तिथेच फुप्फुसांची तपासणी झाली, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा, कायम राहणारा फुप्फुसांचा आजार) निघाला आणि तोंडाने ओढायच्या औषधाचे दोन पंप सुरू झाले. घरी सोडताना व्यायामाचा कागद आणि ‘तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र’ दिलं. पहिला महिना बरा गेला. मग एका सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेले, दम लागला म्हणून पारावर बसले, माणसं जमली आणि कुणीतरी मोटारसायकलवर मागे बसवून घरी आणून सोडलं. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. सासूबाई अंघोळ घालतात, ताट खाटेवर देतात, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतात. ताईंनी भिंतीवर वेळापत्रक लावलं, पावलं मोजणारं घड्याळ आणलं, ऑक्सिमीटरचे आकडे त्या रोज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. सासूबाई म्हणतात, ‘कापून शिवल्याला माणूस हाय, त्याला कशाला पळवतीस?’ नवरा पुण्यात नोकरीला. शनिवारी येतो, आईला बोलतो, रविवारी परत जातो. ताईंचा प्रश्न असा, ‘सासरे आळशी झालेत, सासूबाईंना कळत नाही. मी जबरदस्ती करू, की नाद सोडून देऊ?’

ताई,

आधी त्या पारावरच्या सकाळबद्दल बोलू. पत्रात तुम्ही ती दोन ओळींत उरकलीत, पण मला वाटतं गाडी तिथेच रुतलीय.

त्या दिवशी नेमकं काय झालं, हे घरात कुणी त्यांना शांतपणे विचारलं का? देवळाचा रस्ता चढाचा आहे का? नाश्ता करून लगेच निघाले होते का? पंप घेतला होता का? वाटेत कुणी ओळखीचं भेटलं आणि त्याच्याशी बोलत, त्याच्या पावलांनी चालले का? कुठल्या वावरात उसाचं पाचट पेटलं होतं का? यातलं एक जरी असेल, तरी सीओपीडीच्या माणसाला दम लागायला पुरेसं आहे. दोन असतील तर पार गाठला हेच नवल.

आणि याहून महत्त्वाचं, हे डॉक्टरांना सांगितलं का? पत्रात तसं कुठे नाही. बायपासनंतर चौथ्या-पाचव्या आठवड्यात दम लागण्याची कारणं बरीच असतात. रक्त कमी झालेलं असतं, फुप्फुसाभोवती पाणी साठलेलं असतं, हृदयाचे ठोके अनियमित पडत असतात, सीओपीडी उचल खातो, किंवा नुसते पाय दुबळे झालेले असतात. प्रत्येकाचा इलाज निराळा. म्हणून वेळापत्रकाच्या आधी तपासणी. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होईल, हृदयाचं पंपिंग किती ते कळेल. (हृदयाचंही पंपिंग आणि श्वासाचाही पंप. या दोन पंपांचा घोळ होऊन एक आजोबा माझ्याकडे ‘डॉक्टर म्हणाले पंप चांगला चाललाय, मग हा ओढायचा कशाला?’ असं विचारत आले होते.) डॉक्टरांना मोघम ‘चाललं तर चालेल का’ विचारू नका. चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या. छातीचं हाड नीट जुळलंय का? चालताना ऑक्सिजन कितीपर्यंत खाली गेलेला चालेल? चालण्याआधी कुठला पंप, किती मिनिटं आधी घ्यायचा? छातीत दुखलं तर जिभेखाली गोळी ठेवायची का?

तपासणीत काही निघालं नाही, तर मग ‘आळशी’ या शब्दाकडे वळू.

मी पंचवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून हृदयाचे आणि फुप्फुसांचे पेशंट चालवले. आळशी पेशंट मला फार थोडे भेटले. घाबरलेले मात्र रोज भेटायचे. पन्नास प्रवासी घेऊन घाट उतरवणारा माणूस भर रस्त्यात बसून पडतो, भोवती गाव जमतं आणि त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घरी आणतात. त्याला वाटलेली भीती एकीकडे आणि लाज एकीकडे. पुन्हा तिथे जायचं म्हटलं की दोन्ही आठवणार. मग तो म्हणतो, ‘आज नको, पाय दुखतायत.’

खाटेवर बसून राहिलं की दम लागत नाही, म्हणून ते बरं वाटतं. पण बसून राहिलेले पाय रोज थोडे थोडे वाळतात. दुबळ्या पायांना त्याच दहा पावलांसाठी जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे दम आधीपेक्षा लवकर लागतो, म्हणजे माणूस आणखी कमी हलतो. सीओपीडीत तर हे चक्र फारच लवकर आवळतं. त्यातला फुप्फुसांचा भाग आपल्याला उलटा फिरवता येत नाही, पायांचा येतो. हृदय आणि फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा बराचसा खेळ पायांतच चालतो, हे पेशंटना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची दमसासाची ताकद पावभराहून जास्त उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने केलं नव्हतं तेवढं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. ते विशीतले होते आणि त्यांना काही झालेलं नव्हतं. तुमचे सासरे ६६ चे आहेत आणि चार-पाच आठवडे खाटेवर आहेत.

हा दाखला सासूबाईंच्या तोंडावर फेकायला मात्र वापरू नका. ‘त्यांना कळत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. त्या जे करतायत, ते एके काळी बड्या डॉक्टरांचंच मत होतं. हार्ट ॲटॅक आला की सहा-सहा आठवडे सक्त अंथरूण, कूससुद्धा दुसऱ्याने बदलायची, जेवण भरवायचं. १९५२ साली बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा पेशंटना अंथरुणातून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं लिहिलं, तेव्हा तेही धाडस वाटलं होतं. डॉक्टरांना बदलायला वेळ लागला, तर सासूबाईंना नऊ आठवड्यांत बदला म्हणणं जरा घाईचं नाही का?

त्या रात्री त्यांच्याशेजारी कोण होतं? सासूबाईच असणार. घाम सुटलेला, रंग उडालेला माणूस त्यांनी पाहिलाय. तुम्ही रिपोर्ट पाहिलेत. एकदा दुपारी दोघीच असताना, सल्ला न देता, ‘आई, त्या रात्री काय काय झालं हो?’ एवढंच विचारा. पूर्ण ऐका. मधे ‘पण आता तसं होणार नाही’ म्हणू नका.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली, बरोबर असेलच असं नाही. एसटी ड्रायव्हरची बायको म्हणजे आयुष्यभर ड्युटीच्या तक्त्यावर संसार. मुक्कामी गाडी असली की नवरा परगावी, सणाच्या दिवशी जादा गाड्या. आता पहिल्यांदा तो माणूस पूर्ण वेळ त्यांच्या हाताशी आहे आणि त्याला त्यांची गरज आहे. तुम्ही ‘त्यांचं त्यांना करू द्या’ म्हणता, तेव्हा सासूबाईंना ते काढून घेतल्यासारखं वाटत असेल. म्हणून त्यांच्याकडून काम काढून घेऊ नका, दुसरं द्या. चालताना शेजारी चालायचं काम त्यांचं. तुम्ही शाळेत असता, तुमचा नवरा पुण्यात. घरात दिवसभर असणारी तीच एक व्यक्ती आहे. ती विरोधात राहिली, तर तुमचं वेळापत्रक कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी सकाळी दहानंतर ते भिंतीवरच राहणार.

आता तुमच्याबद्दल, रागावू नका. घरात तुम्ही वॉर्डमधल्या सिस्टर झालायत. भिंतीवर तक्ता, मनगटावर घड्याळ, बोटाला ऑक्सिमीटर आणि ९३ आले की ९४ का नाहीत म्हणून ग्रुपवर मावशीपासून पुतण्यापर्यंत सगळ्यांचे प्रश्न. सीओपीडीत ९३ हा अगदी चांगला आकडा असू शकतो. बोट गार असलं, मेंदी असली, हात हलला, तरी तो आकडा चुकतो. तो ग्रुपवर टाकणं आजपासून बंद करा. घड्याळही काही दिवस कपाटात ठेवा. ते हृदयाचे ठोके दाखवत असेल तर त्यावर जाऊच नका, कारण बायपासनंतर बहुतेकांना ठोके कमी ठेवणारी गोळी असते, ठोके फारसे वाढत नाहीत आणि माणसाला वाटतं आपण काहीच करत नाही.

त्याऐवजी तोंडाने मोजता येतं. शून्य म्हणजे अजिबात दम नाही, दहा म्हणजे आता संपलो. चालताना तीन-चारपर्यंत जायला हवं आणि तिथेच राहायला हवं. दुसरी खूण बोलण्याची. एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. सासऱ्यांना म्हणावं, पुढच्या तीन थांब्यांची नावं एका दमात सांगा. सांगता आली तर वेग बरोबर, मधे अडकले तर कमी करायचा. कमी करायचा म्हटलंय, बसून टाकायचं नाही. खंबाटकीच्या चढाला गाडी रेटेना झाली की ड्रायव्हर गिअर उतरवतो, इंजिन बंद करत नाही. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय, ते तेच तुम्हाला सांगतील. त्यांनाच विचारा.

सुरुवात देवळापासून नको. ओसरीपासून परसदारापर्यंत, तीन-चार मिनिटं, दिवसातून चार वेळा. दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवायचं. एखादा दिवस वाईट गेला तर कालच्याइतकंच, कमी वाटलं तरी शून्य नको. जेवणानंतर तास-दीड तास नको. थंडीत पहाटे नको, ऊन वर आल्यावर चालावं. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं पाच वेळा, उठताना श्वास सोडत. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, एवढा एकच नियम पाठ झाला तरी पुरे.

दम लागला तर काय, हे आधी शिकवा, मग चालवा. पुढे किंचित वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवायचे. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास आत, मग ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर. समईची ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. मोजायचं काम सासूबाईंचं. ‘एक, दोन’ आणि ‘एक, दोन, तीन, चार’. मोजणाऱ्या माणसाची भीती पण थोडी उतरते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. आमच्या कॉरिडॉरमध्ये तीस मीटरच्या पट्टीवर सहा मिनिटं चालायची चाचणी असते. एका आजोबांमागून त्यांची बायको प्लास्टिकची खुर्ची हातात धरून चालायची, पडले तर बसवायला. पहिल्यांदा मी तिला ओरडले होते, अजून आठवलं की कसंतरी होतं. तिसऱ्या आठवड्यात तिला श्वास मोजायला लावलं. चौथ्या आठवड्यात खुर्ची भिंतीला राहिली.

आणि ते तीन चेंडूंचं यंत्र फुंकायचं नसतं, ताई. सावकाश आत ओढायचं असतं. चेंडू वर गेला की लहान मुलासारखं ‘झालं’ म्हणायचं नाही, दोन-तीन सेकंद तो वर धरून ठेवायचा. आता नऊ आठवड्यांनंतर त्याचं तसं फार काम उरलेलं नाही. तुमच्या फ्रिजवर असेल तर तिथेच राहू द्या. पंप कसा ओढतात ते मात्र एकदा समोर बसून बघा. पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकत्र जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी मागा. ओढून झाल्यावर दहा सेकंद श्वास धरायचा आणि चूळ भरायची. पंपाची सवय लागते म्हणून एक दिवसाआड घेणारे पुष्कळ असतात. तुमच्याकडेही तसं चालू नाही ना, ते बघा.

घरातला धूर हा माझा आवडता विषय आहे, त्यावर मी थांबत नाही, म्हणून दोनच गोष्टी. अंघोळीचं पाणी बंबात तापतं का? सासूबाई पाणी काढायला तिथे वाकतात, धूर घरात येतो आणि दोघांच्याही छातीत जातो. हीटर किंवा गॅस परवडत असेल तर बंब शोभेला राहू द्या. आणि खाटेखाली रात्री डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं मोजलं गेलंय. मच्छरदाणी लावा. बिडी खरंच सुटलीय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खिसे तपासू नका, सरळ विचारा. सुटत नसेल तर डॉक्टरांकडे त्यासाठीही औषधं असतात.

अंघोळ त्यांची त्यांना करू द्या, पण बेताने. बसायला स्टूल, पाणी कोमट, दार अर्धं उघडं कारण वाफेने जीव गुदमरतो. अंग खसाखसा पुसण्यापेक्षा मोठा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून पाच मिनिटं बसावं. सासूबाई दाराबाहेर बसतील आणि बोलत राहतील. भरलेली बादली उचलणं, हातपंप मारणं, नातवाला कडेवर घेणं हे तीन महिने पूर्ण होईपर्यंत नाही. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं. मीठ कमी, म्हणजे पापड, खारातली मिरची, ठेचा कमी. पण जेवणच कमी नको. स्नायूंना मूग, अंडी, ताक लागतं.

कधी थांबायचं हे सगळ्यांना ठाऊक हवं. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, घेरी, ठोके वेडेवाकडे पडणं, ऑक्सिजन डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली जाणं. यातलं काही झालं तर तिथेच बसायचं, जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसूनच ठेवायची आणि पाच मिनिटांत उतार नाही तर १०८. छातीचं हाड हलताना कट्‌कट वाजतंय, जखम चिघळलीय, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलंय, पाय सुजलेत, रात्री आडवं झोपवत नाही, उशा वाढवाव्या लागतायत, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ही यादी भिंतीवर लावा. वेळापत्रकाच्या जागी.

पुनर्वसनाचा पूर्ण कार्यक्रम सहसा आठ ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा असतो. सातारा जिल्ह्यातून त्यासाठी पुण्याला खेपा घालणं म्हणजे पेशंट बरा आणि घर आजारी. पण एकदा जा. सहा मिनिटांची चाचणी करून, किती चालले ते मीटरमध्ये लिहून आणा, घरचा व्यायाम ठरवून घ्या, मग व्हिडिओ कॉलवर पंधरा दिवसांनी दाखवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. तीसेक मीटर वाढले तरी ती खरी प्रगती असते. त्या खेपेला तुमचे यजमान बरोबर हवेत. घड्याळाचे पैसे देणं आणि शनिवारी आईला बोलणं, एवढ्यावर मुलाचा वाटा संपत नाही. शनिवार-रविवार वडिलांबरोबर चालायचं काम त्यांचं, आणि बोलायचं असेल तर गाड्यांबद्दल बोलावं.

शेजारी प्राणायामाचं सुचवतीलच. भारतात २४ रुग्णालयांत ३,९५९ हार्ट ॲटॅकच्या पेशंटवर योगावर आधारित पुनर्वसनाचा मोठा अभ्यास झाला. त्याने पुढचे ॲटॅक किंवा मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं नाही, पण लोकांना बरं वाटू लागलं आणि ते आपल्या कामाला जास्त चांगले लागले. म्हणजे चालण्याच्या जोडीला हरकत नाही. कपालभाती आणि श्वास कोंडून धरणं मात्र सध्या नको.

आता एक काळजीची गोष्ट. हार्ट ॲटॅकनंतर साधारण पाचांपैकी एकाला नैराश्य येतं. टीव्ही चालू असतो पण बघत नाहीत, जेवणाची चव गेलीय, पहाटे तीनला जाग येते, ‘मी असून काय उपयोग’ असं तोंडून निघतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो स्वभाव समजू नका. डॉक्टरांना सांगा. त्याच्यावर उपचार झाल्याशिवाय चालण्याचा कुठलाच तक्ता चालणार नाही.

ज्यांच्याकडे आजारी माणूस सासरे नसून आई आहे, जन्मभर चुलीपुढे बसलेली, एकही बिडी न ओढता सीओपीडी झालेली, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. तिला चालताना लागतो त्याहून जास्त दम हात वर करून लागतो. वेणी घालताना, दोरीवर कपडे टाकताना, फडताळातला डबा काढताना. दोरी छातीइतकी खाली बांधा, रोजचे डबे खालच्या फळीवर आणा, पोळ्या बसून लाटू द्या. पण लाटू द्या.

परत तुमच्याकडे येते. सासऱ्यांना पावलं विचारू नका, कुठे जायचंय ते विचारा. स्टँडवर जुन्या सोबत्यांबरोबर चहा असेल, नातवाची शाळा असेल. ‘कुठेच नाही’ म्हणाले तर चार दिवसांनी पुन्हा विचारा. आणि मधल्या काळात एकदा शाळेतून येताना देवळाच्या रस्त्याने चालत या. घरापासून पारापर्यंत टेकायला जागा कुठे कुठे आहे ते बघा. कुणाचा ओटा, दुकानाची पायरी, पुलाचा कठडा. मला वाटतं दोन तरी सापडतील. एवढं त्यांना सांगून ठेवा, निघायची तारीख ते ठरवतील.